तेहतीस अनारसे आणि आकाशपाळणा

डाबकी रोड, अकोला
१२ एप्रिल २०२६

इवाईबुवांना माणिकबाईचा रामराम.

तुमी म्हनसान, घरात तीन-तीन मोबाइल असून ही बाई चिठ्ठी काहून लिवते. सांगते. फोनवर तुमचं भाषन सुरू झालं की माझं सांगनं राहून जाते. मागच्या खेपेले मी फक्त लोनच्याचं इचाराले फोन केला होता, तं तुमी अर्धा तास शिक्षनावर बोलले. कागदावर तुमाले मधात बोलता येत नाई, म्हनून कागद. अंगनवाडीत तीस वर्स रजिस्टर भरले, हाताले सवय हाये.

आता मुद्दा. यंदा धोंड्याचा महिना हाये. तीन वर्सांनी येते. तुमच्या गजेंद्रजीचं अन् माह्या प्रनालीचं लगन झाल्यावर हा पयलाच. आमची रीत तुमाले ठावं हाये. जावयाले घरी बोलवाचं, पाटावर बसवाचं, पुरनाचे धोंडे खाऊ घालाचे, ओवाळून ताटात तेहतीस अनारसे द्याचे. मले हे कराचं हाये.

लग्नाच्या मांडवात तुमी माइक घेऊन काय म्हनलं होतं ते मी इसरली नाई. "माझा मुलगा कोणाच्याही घरी देव म्हणून पाटावर बसणार नाही. धोंडा आमच्या घरात बंद!" लोकाइनं टाळ्या वाजवल्या. म्या बी वाजवल्या. पोरीच्या पाठवनीची घाई होती, कायच्या टाळ्या ते मले रात्री समजलं.

तं एवढं करा. दोघाइले दोन दिवस पाठवा. मी कोनाले सांगनार नाई.

सुभद्राताईले नमस्कार. आमचे हे बाजूले बसले हायेत, नेहमीसारखे, काई न बोलता.

तुमची ईन,
माणिक

*

राजापेठ, अमरावती
१६ एप्रिल २०२६

आदरणीय विहीणबाई,

तुमचं पत्र आलं आणि सगळी राजापेठ मला हिरवी दिसू लागली. या गल्लीत पोस्टमन आता फक्त बँकेच्या नोटिसा घेऊन येतो. परवा त्याच्या हातात शाईचं पत्र बघून समोरच्या शिकवणीची पोरं खिडकीत जमली.

पण मजकुराबद्दल मला बोललंच पाहिजे, आणि या वेळी मधे बोलायला तुम्हीही नाही.

विहीणबाई, जावई म्हणजे कोण? माझ्या घरात तो सत्तावीस वर्षं राहिला आहे, म्हणून अधिकारानं सांगतो. एक चांगला, थोडा आळशी, जेवताना मोबाइलवर क्रिकेट बघणारा मनुष्य. त्यानं तुमच्या मुलीशी लग्न केलं हा त्याचा पराक्रम नाही, त्याचं भाग्य आहे. मग ओवाळायचं कोणी कोणाला? मुलगी वाढवली तुम्ही, शिकवली तुम्ही, आणि तूप गळणारे धोंडे कोणी खायचे? ज्यानं काहीच केलं नाही त्यानं! चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, गावोगाव सभा केल्या, आणि हजार माणसांसमोर जे बोललो ते घरात मागच्या दारानं मोडू? मला ते जमणार नाही. तुम्हीही तो आग्रह करू नये.

नुसतं नाही म्हणून मी थांबणारा माणूस नव्हे. मी पर्याय देतो.

परतवाड्याच्या रस्त्यावर 'मौजनगरी' नावाचं मोठं उद्यान झालं आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, कृत्रिम लाटा, आणि आठ मजली इमारतीएवढा आकाशपाळणा. दोन्ही कुटुंबं मिळून तिथे जाऊ. त्या दिवशी कोणी पाटावर नाही आणि कोणी चुलीपुढे नाही! आमच्या सुभद्रेचे चाळीस उन्हाळे पापड-कुरडयांच्या गच्चीवर गेले. एक उन्हाळा तिनं पाण्यात पाय सोडून बसावं. मला विचाराल तर हाच खरा सण.

एकच अट. हे सगळं तो महिना लागण्याआधी. नाहीतर लोक म्हणतील, गुरुजींनी धोंडा केला, फक्त पाळण्यात बसून केला. तो महिना नेमका कधी लागतो ते कळवा. माझ्या घरात पंचांग नाही. भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आहे, त्यात नुसत्या तारखा. सुभद्रेला विचारलं तर ती म्हणाली, "मले काय मालूम?"

३ मे, रविवार, कसा वाटतो?

आपला,
खुशालराव

*

अकोला
२१ एप्रिल २०२६

इवाईबुवा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जोऱ्यानं वाचलं तं शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, तिले वाटलं टीव्ही लागला.

पाळन्याचं मले आवडलं. जाऊ. आमाले मंजूर.

पन ३ मेले जमत नाई. धाकटीची, म्हनजे आमच्या चंदाची, परीक्षा हाये त्याच आठवड्यात. पोरीले सोडून आमी पाळन्यात बसलो तं ते जन्मभर बोलून दाखवन. पुढची तारीख पाहा.

आमच्याकडे पारा चव्वेचाळीसवर गेला. कूलरमधलं पानी बी गरम येऊन राहिलं.

माणिक

*

अमरावती
२६ एप्रिल २०२६

आदरणीय विहीणबाई,

तुम्ही इतक्या लवकर हो म्हणालात याचा मला आनंद झाला आणि थोडं आश्चर्यही वाटलं. विचार पटला की माणूस असा पटकन चालू लागतो.

आता तयारी ऐका. काल गजेंद्रला तिकिटांना बसवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळा वऱ्हाड त्या एका दारातून आत जाणार असं दिसतं. शनिवार-रविवार बहुतेक भरले. १० मेचा रविवार मोठ्या मुश्किलीनं शिल्लक आहे, तो मी धरून ठेवायला सांगितला आहे. गाडी रऊफची. तो माझा जुना विद्यार्थी, सनावळ्यांत कायम नापास, पण स्टिअरिंगवर बसला की त्याच्या हाताला तोड नाही. तुम्ही पहिल्या एसटीनं अमरावतीला या, साडेसातला निघू, ऊन तापायच्या आत पाण्यात असू. दुपारी बारा ते तीन सावलीतले खेळ. आकाशपाळणा सकाळी, कारण दुपारी त्याचं लोखंड तापतं. हा आराखडा मी चार पानांवर लिहून फ्रिजवर लावला आहे. प्रणाली म्हणाली, "बाबा, ही सहल आहे की मोर्चा?" मी म्हणालो, मोर्चाही आनंदानं काढता येतो.

आता मनातलं. तुमच्या पत्रात चंदाची परीक्षा आहे, पारा आहे, कूलर आहे, पण पाळण्याबद्दल एकच ओळ आहे. मी माणसं ओळखतो. विहीणबाई, तुम्हाला उंचीची भीती वाटते का? लाजू नका. आपल्या बायकांना लहानपणापासून 'खाली उतर' एवढंच शिकवलं गेलं. झाडावरून उतर, गच्चीवरून उतर, सायकलवरून उतर. वर जाणं हा तुमचा हक्क आहे! मी शेजारी बसेन.

आणि तो महिना कधी लागतो, ते राहिलंच.

आपला,
खुशालराव

*

अकोला
१ मे २०२६

इवाईबुवा,

मी कायले भीन? आमच्या वावरातल्या चिचेच्या शेंड्यावरून म्या मायले हाका मारल्या हायेत. माय खालून दगड मारे, तरी उतरत नव्हती. तुमीच जरा सांभाळून बसा, तुमची मान त्या दिवशी मांडवात माइक धरून, वर पाहून बोलतानाच आखडली होती.

१० मेले जमत नाई. आमच्या यायच्या चुलतभावाच्या पोराचं लगन हाये मूर्तिजापूरले. त्याच्या पुढच्या रविवारी गर्दीत जीव जाईन. मी म्हनते, रविवार पाहाचाच काहून? तुमी रिटायर, मी रिटायर, शेतीले उन्हाळ्यात काम नाई, प्रनालीच्या शिकवन्या तिच्या हातातल्या. गजेंद्रजी एक सुट्टी टाकतीन. २६ मे, मंगळवार. मंगळवारी तिथं कुत्रं नसन.

बाकी ठीक. आंबे पाठवले होते ते गोड निघाले का?

माणिक

*

अमरावती
८ मे २०२६

आदरणीय विहीणबाई,

मंगळवार! मी चार पानांचा आराखडा केला आणि हे मला सुचलं नाही. २६ मेची तिकिटं काढली. आपण सगळे मिळून आठ जण, त्यात रऊफही, कारण त्याला उन्हात गाडीजवळ बसवून आपण पाण्यात खेळणं मला मान्य नाही. तो म्हणतो, "सर, मले पान्यात पोहता येत नाई, मी बाहेरच बरा." बघू.

डबे आणू नका, आत सगळं मिळतं. हा दिवस चुलीच्या सुट्टीचा आहे, हे लक्षात असू द्या. आंबे गोड होते. पाच मी खाल्ले, बाकीचे कोणी खाल्ले ते सुभद्रेला ठाऊक.

तिसऱ्यांदा विचारतो, तो महिना कधी? माझा अंदाज जूनचा. तसं असेल तर आपण आधीच सुटलो.

आपला,
खुशालराव

*

अकोला
१९ मे २०२६

इवाईबुवा,

कार्डच लिवते, घाईत हाये, तांदूळ भिजू घातले हायेत.

मंगळवारी येतो. माही पिशवी मोठी राहीन, त्यात बायाइचे कपडे, टावेल असं राहीन. कोनी उचलाले धावू नका, मीच धरीन.

माणिक

*

अमरावती
२९ मे २०२६

विहीणबाई,

'आदरणीय' मुद्दाम लिहिलेलं नाही.

काल संध्याकाळी रऊफ आला. म्हणाला, "सर, हा डबा गाडीत शिटाखाली राहून गेला." मी झाकण उघडलं. आत चार अनारसे. जाळीदार, खसखस लावलेले, शिळे असूनही खुसखुशीत. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "मैं कुछ नहीं बोलूंगा सर. ताईलेच पुसा." आणि एक अनारसा घेऊन चालता झाला. उरले तीन.

मग मी एकेक गोष्ट जुळवली. मंगळवारी मी, गजेंद्र आणि तुमचे भगवंतराव पुरुषांच्या तपासणीच्या रांगेतून साडेनऊला आत गेलो. तुम्ही, सुभद्रा, प्रणाली आणि चंदा बायकांच्या रांगेत. अकरा वाजेपर्यंत तुमचा पत्ता नाही! फोन करावा तर गजेंद्रनं तिघांचे फोन लॉकरमध्ये कोंबले, चावी मनगटाला बांधली आणि स्वतः लाटांत गेला. मी दीड तास आकाशपाळण्याखाली उभा. मला वाटलं, तुम्ही पाळणा लांबून बघितलात आणि हातपाय गाळलेत. मी भगवंतरावांना भीतीचा इतिहास सांगितला, गुहेतल्या माणसापासून आजपर्यंत. ते मान हलवत राहिले. आता कळतं, ते माझ्याशी सहमत नव्हते, हसू दाबत होते.

अकराला तुम्ही आलात, "रांग होती" म्हणालात आणि थेट पाळण्यात जाऊन बसलात. एकदा नव्हे, तीनदा! दोन्ही हात वर करून! मी खाली तुमच्या सगळ्यांच्या चपला सांभाळत होतो, कारण चपला कोणीतरी सांभाळायलाच हव्यात. ज्यांना माझ्याबद्दल काही वेगळं वाटत असेल त्यांना वाटो.

काल रात्री जेवताना सुभद्रेनं पोळी वाढता वाढता सांगितलं की धोंड्याचा महिना सतरा तारखेलाच लागला. म्हणजे चंदाची परीक्षा, मूर्तिजापूरचं लग्न, मंगळवारची हुशारी, सगळं त्यासाठी! विहीणबाई, हा कट आहे. माझ्या पाठीमागे, मीच काढलेल्या तिकिटावर, तुम्ही माझ्या मुलाला कोणत्या आडोशाला पाटावर बसवलंत? तो तर विचारलं की नुसता "काय?" म्हणतो, कानात क्रिकेटचं यंत्र घालून.

सविस्तर उत्तर हवं.

खुशालराव

*

अकोला
२ जून २०२६

इवाईबुवा,

कट केला, हे कबूल. परीक्षा खरी होती, लगन बी खरं होतं, पन ते नसते तं म्या दुसरं काही काढलं असतं. तुमच्या घरी पंचांग नाई, हे माह्यासाठी बरंच झालं.

पन गजेंद्रजीनं एक बी अनारसा खाल्ला नाई. पोराले उगाच बोलू नका.

माहा बेत साधा होता. तुमी दुपारी कुठंतरी भाषनाले उभे राहसान, तेवढ्यात जावयाले टावेलावर बसवाचं, कुंकू लावाचं, दोन घास खाऊ घालाचे. पाच मिनटाचं काम. म्हनून डबा पिशवीत खाली अन् वर तुमच्या-आमच्या बायाइचे गाऊन. दारावर तपासनीले एक बाई होती, मैनाबाई, सेमाडोहची. तिनं बरोबर खाली हात घातला.

"हे काय व्हय, ताई?"

"औषध."

तिनं झाकन उघडलं. तुपाचा वास सुटला. "असं औषध? कोनाले व्हय?"

"जावयाले."

ते अशी हासली की मांगची रांग पाहू लागली. "आमच्या गावातल्या जावयाइले बी हेच लागू पडते. पन बाहेरचं खायचं आत नेता येत नाई, ताई. माही नोकरी जाईन."

"मंग जावयाले बाहेर बोलवा."

"त्यानं हाताले पट्टा बांधला का? मंग तो बाहेर आला तं परत आत जात नाई."

तुमी चार पानं लिवले, इवाईबुवा, अन् तिकिटाच्या मांगची ही एक ओळ वाचली नाई. असो. जावई आत, डबा बाहेर. फोन केला तं लागत नाई. अनारसे टिकले असते, पन पुरनाचे धोंडे त्या उन्हात दुपारलोक आंबले असते. तीन दिवस तांदूळ भिजवून, कांडून, चार दिवस पीठ मुरवून, पहाटे तीनले उठून पुरन वाटलं होतं. मी दगडावर बसली. रडली नाई, पन बसली.

प्रनाली म्हने, "आई, डबा गाडीत टाक. चाल, बाबा वाट पाहत असतीन."

रऊफभाईनं गाडीतून ताडपत्री काढली, निंबाच्या झाडाखाली टाकली अन् म्हनलं, "ताई, खिलानेवाली हाये, खानेवाली बी हाये. तुमी कायले रुकून राहिले?"

मले आधी समजलंच नाई. मंग समजलं.

म्या टावेलाची घडी केली अन् माह्या पोरीले तिच्यावर बसवलं. ते म्हने, "आई, मी नाई, ते जावयाचं असते." म्या म्हनलं, बस. हळदकुंकू पर्समधी होतं. दिवा हवेनं इझून राहिला, तं मैनाबाईची चायची सुट्टी झाली होती, तिनं येऊन आपली टोपी दिव्याच्या आडोशाले धरली. पोरीले ओवाळलं. पयला घास भरवला तवा ते हासत होती. दुसरा घास तिनं सावकाश खाल्ला. मंग म्हने, "आई, अजून एक." लहानपनी जसं म्हने तसंच.

तेहतीस अनारसे तिच्या पुढ्यात ठेवले. तिनंच वाटले. मैनाबाईले, रऊफभाईले, चंदाले, रांगेतल्या बायाइले. सुभद्राताईले एक म्या माह्या हातानं भरवला. घास तोंडात अन् त्याइचे डोये भरून आले. म्या इचारलं नाई.

आता तुमाले एक सांगते, अन् हे सांगाले मी पयल्या पत्रापासून थांबली हाये.

मले जावयाले देव कराची हौस नाई. तुमचं भाषन मले पटते. पन दोन वर्स झाले, माही पोरगी माह्या घरी एक रात झोपली नाई. सकायी येते, संध्याकायच्या एसटीनं जाते. तुमच्या घरात तिले कोनी अडवत नाई, तुमी चांगले मानसं हा. पन 'जा, राहून ये' असं बी कोनी म्हनत नाई. बाईले माहेरी राहाले निमित्त लागते, इवाईबुवा. धोंडा म्हनजे माह्यासाठी तेवढंच होतं. जावयाच्या नावानं पोरगी घरी येते. तुमी मांडवात ते निमित्त काढून टाकलं अन् त्याच्या जागी काईच ठेवलं नाई.

राग आला असन तं येऊ द्या. डबा परत पाठवा, पितळी हाये.

माणिक

*

अमरावती
६ जून २०२६

आदरणीय विहीणबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्यानं वाचलं, सुभद्रेसाठी. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "माह्या मायनं बी केले होते."

मी विचारलं, काय?

एकोणीसशे पंच्याऐंशी. आमच्या लग्नानंतरचा पहिला धोंडा. मी तेव्हा तिशीतला, सभा गाजवणारा. सासऱ्यांना कडक पत्र लिहिलं की मी येणार नाही, असल्या प्रथा मी मानत नाही. ते पत्र मी दोन सभांत वाचून दाखवलं आणि दोन्हीकडे टाळ्या घेतल्या. मी गेलो नाही, म्हणून सुभद्राही गेली नाही. तिच्या आईनं अनारसे करून ठेवले होते. ते शेवटी शेजारपाजारी वाटले. पुढचा धोंडा यायच्या आत सासूबाई गेल्या.

एकेचाळीस वर्षं ती हे बोलली नाही. मी म्हणालो, "तू एकटी का नाही गेलीस? मी तुला कधी अडवलं होतं?" ती म्हणाली, "तुमी अडवलं नाई. तुमी इचारलं बी नाई."

विहीणबाई, तुम्ही लिहिलेलंच वाक्य. दोन बायका, दोन गावं, मधे चाळीस वर्षं, आणि एकच वाक्य.

मी माझं मत बदललेलं नाही, हे आधी सांगतो. जावई देव नाही. आमचा तर नाहीच, त्यानं परवा ओला टॉवेल माझ्या पुस्तकांवर वाळत घातला. पण मी भिंत पाडली आणि तिथे दार होतं हे बघितलंच नाही. त्या दारातून लेकी घरी जात होत्या. प्रथा मोडणारानं मोडण्याआधी विचारलं पाहिजे की हिच्या आडोशाला कोण उभं आहे. हे मला इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही. तुमच्या अंगणवाडीच्या अक्षरात सापडलं. आणि निंबाखाली रऊफच्या ताडपत्रीवर तुम्ही जे केलंत ते मी चाळीस वर्षांच्या भाषणांत नुसतं बोलत होतो. मुलीला पाटावर बसवा! मी बोललो, तुम्ही बसवलं. आणि मी त्या वेळी आत उभा राहून तुमच्या भीतीवर व्याख्यान देत होतो. यावर हसायची परवानगी आहे. भगवंतरावांनाही.

प्रणालीला विचारलं, तू कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मांडवात एवढं बोलला होतात. मला वाटलं, मी माहेरी राहायला गेले तर तुमचा शब्द मोडेल." माझ्या शब्दाचं वजन तिनं उचललं होतं आणि मला वाटत होतं शब्द हवेत गेले.

तिनं आठ दिवस शिकवण्या बंद ठेवल्या आहेत. मी सांगून नव्हे, तिनं ठरवलं. मी फक्त म्हणालो, "जा, राहून ये." म्हणायला दोन क्षण लागले. उद्या, रविवारी, ती अकोल्याला येते. गजेंद्र आठव्या दिवशी येईल. पाटावर बसायला नाही, तिची पिशवी उचलायला. त्याला काय खाऊ घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी विचारणार नाही.

आणखी एक मागणं आहे. सुभद्रेला आता माहेर उरलेलं नाही. भाऊ पुण्याला, घर विकलेलं. काल ती प्रणालीची पिशवी भरताना म्हणाली, "मी बी जाऊ का?" लग्नानंतर तिनं मला कुठे जाऊ का म्हणून विचारल्याचं मला आठवत नाही. मी म्हणालो, "विचारतेस काय? जा!" पण ज्यांच्याकडे जायचं त्यांना विचारायचं राहिलं. म्हणून विचारतो. दोघींना ठेवून घ्याल का?

पितळी डबा त्यांच्या हाती पाठवतो. उरलेले तीन अनारसे मी खाल्ले. माझी प्रतिज्ञा जावयाच्या अनारशांबद्दल होती, लेकीच्या नाही.

आपला,
खुशालराव

*

अकोला
९ जून २०२६

इवाईबुवा,

डब्यात घातलेलं तुमचं पत्र अन् तुमच्या दोघी एकाच दिवशी आल्या. पत्र सोमवारी वाचलं, आधी दोघीइले जेवू घातलं.

ठेवून घेसान का म्हने! हे काय इचारनं झालं? तुमच्यासारख्या शिकल्या मानसानं असं इचारलं म्हनून मी आमच्या यायले पत्र वाचून दाखवलं. हे तीस वर्सांत पयल्यांदा मोठ्यानं हासले.

काल सुभद्राताईले पाटावर बसवलं. त्या नाई-नाई म्हनत होत्या. म्या म्हनलं, तुमच्या मायचं राहून गेलं होतं ते मी करते, गप बसा. ओवाळलं. अनारसे यावेळी उरलेल्या पिठाचे, कमी केले, मोजले नाई. मंग दुपारभर त्या अन् माही पोरगी कूलरपुढं लोळत आंबे खात राहिल्या, अन् मौजनगरीत तुमी चपला धरून कसे उभे होते त्याची नक्कल करत राहिल्या. सुभद्राताई तुमची नक्कल गंज चांगली करतात. तुमी कधी पाहिली नसन.

त्याइले आता रोज पाळना पाहिजे. म्या सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात परत जाऊ, रविवारी जाऊ, गर्दीत. तिकिटं तुमीच काढा. यावेळी मांगची बाजू वाचा.

तुमी तिकडं काय खाता? प्रनाली सांगत होती, बाबाले फक्त चाय येते. गजेंद्रजी अन् तुमी मिळून भात लावा. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पानी. एवढं पाठ करा, एवढं मोठं भाषन नाई हे.

आता थांबते. सकायचे नऊ वाजले. अंगनात ऊन आलं, दूधवाला जाऊन दोन तास झाले, अन् दोघी अजून झोपल्या हायेत. पोरीचा एक हात सुभद्राताईच्या अंगावर पडला हाये. चाय करून झाकून ठेवला, थंडा झाला, मी दुसरा करीन.

फोन करू नका. कोनी उठवाचं नाई.

तुमची ईन,
माणिक